तीनशेचं पाणी

टोकावड्याच्या अलीकडच्या वाडीत जगदीशच्या घरी तीनशेचा स्पीड आला, त्या दिवशी उंबऱ्यावर नारळ फुटला, राउटरला हळदकुंकू लागलं आणि त्याच्या दोन शिंगांच्या मधोमध लिंबू-मिरची लटकली. आरतीचं ताट धरून उभी असलेली सकुबाई, म्हणजे जगदीशची बायको, देवाचं नाव घ्यायचं सोडून त्या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होती. हा दिवा किती वेळ हिरवा राहतो ते उद्या सकाळी दहाला कळणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"तीनशे!" जगदीश म्हणाला. "आता कोणाचा बाप आडवा येत नाय."

तीनशे म्हणजे तीनशे काय, हे त्याला विचारायची सोय नव्हती. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. त्याच्या गाडीला स्पीडचं लॉक होतं. कितीही दाबा, काटा साठाच्या वर हलायचा नाही, आणि माळशेज घाटात तर तिसाच्या वर न्यायची कोणाची छाती? निवृत्त झाल्यावर त्याला मोबाइलात नेटचा स्पीड मोजायचं ॲप सापडलं आणि त्यात चक्क काटा होता. काटा दिसला नि बाप्याचं भान हरपलं. रोज चहाच्या आधी तो काटा पळवायचा, आल्यागेल्याला दाखवायचा, पळून झाला की समाधानाने मिशीवरून हात फिरवायचा. बाकी नेटवर त्याचं काम म्हणाल, तर सकाळी गुलाबाच्या फुलांवर 'सुप्रभात' लिहिलेले फोटो साऱ्या गोताला पाठवणं आणि जेवण झाल्यावर बैलांच्या शर्यती बघता बघता घोरणं. एवढ्याला घरात पन्नासचा प्लॅन होता, तेव्हा तो पन्नाससुद्धा दिवसभर माशा मारत बसायचा.

मग पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशे आणि दोनशेचे तीनशे का झाले? तर अनंतामुळे.

अनंता हा जगदीशचा चुलतभाऊ. घराला घर लागून, मध्ये एक भिंत. त्याचा माळशेज रस्त्यावर ढाबा आहे. भांडण जमिनीचं नव्हतं, बांधाचं नव्हतं, नळाचं होतं. पंचायतीच्या टाकीचं पाणी वाडीला रोज सकाळी दहा ते पावणेअकरा सुटतं. आठ वर्षांपूर्वी अनंताने काय केलं, तर थेट नळालाच मोटर लावली. मोटरने पाणी असं ओढलं की जगदीशच्या नळातून नुसती हवा फुसफुसायला लागली. जगदीश काय गप्प बसतो? त्याने मुरबाडहून अर्ध्या एचपीची मोटर आणली. अनंताने एक एचपीची आणली. जगदीशनेही एक एचपीची आणली. 'नळाला मोटर लावणे हा गुन्हा आहे' असं ग्रामसेवकाने पंचायतीच्या भिंतीवर रंगवून घेतलं. त्या अक्षरांना पाठ टेकून लोक निवांत बिडी ओढतात.

दोघा भावांचं बोलणं तेव्हापासून बंद. आणि वाडीच्या उताराला, पाइप जिथे संपतो तिथे, ठाकरांची चार घरं आहेत. त्यांच्या नळाला आठ वर्षांत पाणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बारकी तिथली. ती रोज सकाळी रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन सकुबाईच्या दारावरून जायची, हसून "काय सकुबाय" म्हणायची, आणि सकुबाई मोरीत ड्रम भरून वाहत असताना "काय बारके" म्हणायची. रोजचं झालं की कशाचंच काही वाटेनासं होतं.

तर नेट आलं, तेव्हा जगदीशच्या डोक्यात हाच नळ वाहत होता. "वायर एकच ना?" तो म्हणायचा. "मग? अनंताने शंभरचा घेतला की तो आपला ओढणार. आपण दोनशेचा घ्यायचा, म्हणजे आपण त्याचा ओढू." भिंतीपलीकडे अनंताही त्याच मातीचा. त्याने दोनशेचा घेतल्याचं कानावर आलं त्याच संध्याकाळी जगदीशने तीनशेसाठी फोन फिरवला.

दोन रिकामटेकड्या भावांचं खूळ म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण या घरात नेटची खरी गरज असलेलं एक माणूस होतं. जगदीशची मुलगी हर्षाली. बी.कॉम. झालेली, ठाण्यातल्या एका विमा कंपनीचं काम घरी बसून करायची. लोकांचे फोन घ्यायचे, त्यांची रडगाणी ऐकायची, कॉम्प्युटरात भरायची. तीन महिने पारखणार आणि मग कायम करणार, असं ठरलेलं. कंपनीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की घरी दहाचा स्पीड असावा. दहाचा! जगदीशने ते वाचलं आणि छपाईत एक शून्य राहिलं असेल म्हणून सोडून दिलं.

अडचण अशी, की रोज दहाला तिच्या वरच्या बाईंची, नम्रता मॅडमची, मीटिंग असायची. आणि रोज नेमका दहाच्या सुमाराला हर्षालीचा आवाज तुटायचा, मग चेहरा थिजायचा, मग ती गायबच. पाच मिनिटांनी परत यायची, पुन्हा गायब. अकरा वाजले की सगळं सुरळीत. शेवटी मॅडमनी तिला बजावलं, "हर्षाली, काम चांगलं आहे गं तुझं, पण तू सापडतच नाहीस. गुरुवारी मोठे साहेब मीटिंगला बसणार आहेत. कायम कोणाला करायचं ते तेव्हाच ठरणार. त्या दिवशी तुटलीस तर माझ्या हातात काही नाही."

आणि कायम झाली नाही तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. खर्डीचं एक स्थळ जगदीशने खिशात घालून ठेवलं होतं. मुलाचा जेसीबी होता. "नोकरी टिकली तं दोन वर्षं थांबू. नाय टिकली तं मेमध्ये अक्षता," असा त्याने निकाल दिला होता. फोटोही आला होता. त्यात जेसीबी छान आला होता, मुलगा कोपऱ्यात कुठेतरी उभा होता.

सकुबाईला मुलीची ही नोकरी हवी होती, अगदी जिवाच्या आकांताने हवी होती. ती स्वतः अठराव्या वर्षी या घरात आली, तेव्हा मुरबाडला तिचा शिवणाचा क्लास चालू होता. ब्लाउज येत होता, कॉलर यायची होती. कॉलर शिकून होईपर्यंत थांबा, असं म्हणायची सोय तिला कोणी ठेवली नव्हती. तीस वर्षं झाली, तरी कोणाच्याही शर्टाची कॉलर दिसली की ती आधी शिवण बघते.

आता मोटरचं बटण दाबायचं काम कोणाचं? सकुबाईचं. जगदीश पावणेदहाला टोकावड्याच्या स्टँडवर चहाला जायचा आणि जाताना रोज सांगायचा, "दहाच्या ठोक्याला बटण दाब. अनंताच्या आधी." बटण दाबलं की घरातला बल्ब मिणमिणायचा, पंखा दम लागल्यासारखा फिरायचा आणि राउटरचा हिरवा दिवा जाऊन लाल यायचा. आधी तिला वाटलं, असेल काहीतरी. मग चार दिवस तिने मुद्दाम लक्ष ठेवलं. बटण दाबलं, लाल. आपली मोटर बंद केली आणि भिंतीपलीकडे अनंताची घुरघुरली, तरी लाल. शाळा सातवीपर्यंतच झालेली बाई, पण डोळे काय शाळेत जाऊन उघडायचे असतात?

तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. "अवो, मोटर लावली का त्या डब्याचा दिवा लाल होतो."

"तुला काय कळतं गो नेटमधलं?" जगदीश म्हणाला. "दिवा लाल होतो कारण अनंता ओढतो."

"मग दहालाच कसा ओढतो?"

"मग काय तुला सांगून ओढेल?"

आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तीनशेचा स्पीड नारळ फोडून घरात आला.

मंगळवारी दहा वाजता सकुबाईने बटण दाबलं. बल्ब मिणमिणला, दिवा लाल झाला, लिंबू-मिरची तशीच लटकत राहिली. आतल्या खोलीतून हर्षालीचं "हॅलो? मॅडम? हॅलो?" ऐकू आलं आणि मग काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पोरगी बाहेर येऊन मोरीच्या दाराला टेकली. डोळे भरले होते, पण रडत नव्हती. "जाऊ दे आई," ती म्हणाली. "जेसीबी तर जेसीबी."

पोरगी ओरडली असती, आदळआपट केली असती, तरी परवडलं असतं. जगदीश चहा पिऊन आला, सगळं ऐकलं आणि भिंतीकडे बघून दात-ओठ खाल्ले. "पाचशेचा घेतला असणार हरामखोराने," तो म्हणाला.

बुधवारी सकुबाई मीठ-मिरचीचं निमित्त काढून टोकावड्याला गेली ती थेट सुयोगच्या दुकानात. सुयोग म्हणजे वाडीवाडीला नेट जोडणारा माणूस. पस्तिशीचा, बोलायला गोड, हिशेबाला पक्का. सकुबाईने दिव्याची हकीकत सांगितली, तसा तो हसायलाच लागला.

"काकी, तुम्ही इंजिनीअर व्हायचं सोडून कुठं भाकऱ्या थापताय? बरोबर आहे तुमचं. मोटर सुरू झाली की विजेचा दाब पडतो, डबा बंद होऊन परत चालू होतो. स्पीडचा काय संबंध?"

"मग अनंताभावजी ओढत नाय?"

"नेट म्हणजे काय नळ आहे? ज्याचा त्याला. आणि हर्षालीच्या कामाला लागतो किती? तीन, फार तर चार. राहिलेला दोनशे शहाण्णव काका काटा फिरवायला वापरतात."

सकुबाईचा पारा चढला. "मेल्या, मग हे आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं होतं काकी," सुयोग शांतपणे म्हणाला. "काका म्हणाले, तू आम्हाला शिकवू नको. तेव्हापासून मी शिकवायचं सोडलं आणि विकायला लागलो."

खोटं तर काही नव्हतं. उपाय विचारला, तर तोही एवढासा निघाला. त्या डब्याला छोटी बॅटरी लावायची, विजेचा दाब कितीही पडला तरी डबा बंद होत नाही. पण बॅटरी ठाण्याहून यायची होती, शुक्रवारी. मीटिंग गुरुवारी.

सकुबाई घरी आली ती सरळ मागच्या दारी, गोठ्यापाशी गेली आणि भिंतीवर तीनदा खडा वाजवला. पलीकडून सावळी आली, अनंताची बायको. दोन्ही घरांचं बोलणं आठ वर्षं बंद होतं हे खरं, पण ते नवऱ्यांपुरतं. या दोघी जावा गोठ्यामागे रोज भेटायच्या, सुकटीची चटणी इकडून तिकडे जायची, वालाचं बिरडं तिकडून इकडे यायचं. जगदीश मिटक्या मारत ते बिरडं खायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हातची चव त्या अनंताच्या नशिबात नाय."

सकुबाईने सगळं सांगितलं. सावळीने डोक्याला हात लावला. "म्हंजे आमच्यातला दोनशेचा पण फुकटच ना ताई? मला म्हनतात, स्पीड आलाय, भाकरी कशी करायची ते बघ त्यात. वीस वर्षं भाकऱ्या खातायत माझ्या, तेवा नाय आठवला!"

"उद्या तू पण बटण दाबू नको, मी पण नाय दाबत. पाऊण तासाची गोष्ट हाय."

"आणि ढाब्याचे पाण्याचे कॅन? हे विचारतील ना."

"लाइट नव्हती म्हणून सांग."

"ते तं रोजचंच हाय," सावळी म्हणाली. "इस्वास बसेल."

गुरुवारी दहा वाजले. सकुबाई बटणाखाली स्टूल टाकून बसली होती, जणू कोणी येऊन ते दाबून जाईल. आठ वर्षांत पहिल्यांदा दहा वाजता घरात घुरघुर नव्हती. भिंतीपलीकडेही शांत. बल्ब नीट, पंखा नीट, दिवा हिरवा. मोरीतल्या नळाला करंगळीएवढी धार लागली होती आणि आतून हर्षालीचा आवाज येत होता, न तुटता, न अडकता, शुद्ध भाषेत, मध्येच इंग्रजीत. काय बोलतेय ते सकुबाईला कळत नव्हतं. तिला फक्त तो सलग ऐकायचा होता. दिव्यावरची नजर न हलवता ती पाऊण तास ऐकत राहिली.

पावणेअकराला दार उघडलं. "आई! कायम!" म्हणत हर्षालीने तिला मिठी मारली, तशी स्टुलावरून दोघी खाली. "साहेब म्हणाले, ही मुलगी तीन महिने कुठे लपवून ठेवली होती?" पोरगी हसत होती, रडत होती. सकुबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात उतारावरून आरडाओरडा ऐकू आला. सकुबाईला वाटलं, साप निघाला की काय. बघते तो बारकी धापा टाकत वर येतेय, हातात भरलेला तांब्या, अर्धा सांडलेला.

"सकुबाय! आमच्या नळाला पानी आला गो! दोन हंडे भरले! ही बघ!" आणि तिने तो तांब्या नैवेद्यासारखा पुढे धरला. "पंचायतीनं दुरुस्त केला का काय?"

हे सकुबाईच्या डोक्यातच आलं नव्हतं. नेटचा दिवा तिने चार दिवस टक लावून पाहिला होता, पण या बटणाने खाली कोणाचा नळ कोरडा होतो, हे आठ वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. बारकी रोज डोक्यावर दोन हंडे घेऊन समोरून जायची आणि ही तिला हसून "काय बारके" म्हणायची! आपल्याच तोंडात मारून घ्यावं असं सकुबाईला झालं. तिने तांब्या घेतला, त्यातलं घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "होय गो. दुरुस्त झाला असेल काहीतरी."

जगदीश आला तो पेढे घेऊनच. स्टँडवर त्याला हर्षालीचा फोन गेला होता आणि येईपर्यंत त्याने अर्धं टोकावडे जागं केलं होतं. "बघितलात? तीनशे! पन्नासवर बसलो असतो तं पोरीची नोकरी गेली असती. बाप पाठीशी लागतो बाप!" खर्डीवाल्यांना त्याने तिथूनच दोन वर्षं थांबा म्हणून कळवून टाकलं होतं. मग हात धुवायला मोरीत गेला आणि तिथेच थबकला. "ड्रम अर्धाच? मोटर नाय लावलीस?"

"नाय लावली. म्हणून तं पोरीची मीटिंग झाली."

"खुळी का काय तू?"

आता मात्र सकुबाईच्या संतापाला तोंड फुटलं. "या इकडं. उभे राहा इथं." तिने नवऱ्याला दंडाला धरून राउटरसमोर उभं केलं. "नजर हलवायची नाय." बटण दाबलं. घुरघुर, दिवा लाल. बंद केलं. थोड्या वेळाने हिरवा. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. "दिसतंय? हा तुमचा तीनशे! पोरीला लागतो चारचा, तो पण तुमची मोटर खाते, आणि खाली बारकीचं पाणी पण खाते. आठ वर्षं!"

जगदीश बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा गंभीर झाला. सकुबाईला वाटलं, पडला उजेड एकदाचा.

"म्हणजे," जगदीश सावकाश म्हणाला, "मोटर तीनशे ओढते. पाचशेचा घेतला असता तं मोटर ओढूनही दोनशे उरला असता." आणि त्याने सुयोगला फोन लावला.

सकुबाई मट्कन खाली बसली. हर्षालीने तोंडात ओढणी कोंबली.

शुक्रवारी सुयोग आला. सकुबाई त्याच्या आधीच वाटेवर, चिंचेखाली जाऊन उभी. "बॅटरी आणलीस?"

"आणली ना. दोन मिनिटांचं काम. मग काकांना म्हणावं, दहा मोटरी लावा."

"म्हणूनच ती पिशवीतून काढायची नाय."

सुयोगने बाइक स्टँडला लावली. "काकी, परवा तुम्हीच विचारत होतात."

"परवा मला फक्त माझी पोरगी दिसत होती. बॅटरी लावलीस का मोटरी परत सुरू. मग खाली चार घरांच्या नळाचं काय?" सकुबाई त्याच्या अगदी जवळ गेली. "आजवर माझ्या नवऱ्याला विकलंस, आज एक दिवस त्याला खरं सांग. पण त्याला समजेल अशा भाषेत सांग."

सुयोगने डोकं खाजवलं, दोन्ही घरांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरलं. बॅटरी पिशवीच्या तळाशी गेली.

ओट्यावर जगदीश वाटच बघत होता. सुयोग बसला, चहा घेतला, काटा पळवून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली. "पाचशेचा देतो काका. पण पैसे पाण्यात. अहो, नळाला मोटर लागली की ती स्पीड ओढते. तुमची ओढते तशी त्यांची पण ओढते. वाडीत एक जरी मोटर नळाला लागली ना, तुमचा तीनशे गेला म्हणून समजा."

"अनंताची मोटर माझा स्पीड ओढते?"

"दहाच्या ठोक्याला. मी डोळ्यांनी बघतोय."

"तरीच!" जगदीश ताडकन उठला. "मी म्हणत नव्हतो? म्हणत नव्हतो मी, अनंता ओढतो म्हणून?"

आणि मग वाडीने आठ वर्षांत न पाहिलेली गोष्ट पाहिली. जगदीश स्वतः अनंताच्या ओट्यावर चढला. अनंताही कंबर कसून तयार होता, कारण चिंचेखालून निघाल्यावर सुयोग आधी मागच्या दाराने त्याच्याकडे जाऊन हेच सांगून आला होता.

"तू मोटर लावायची नाय," जगदीश म्हणाला.

"तू लावायची नाय," अनंता म्हणाला.

"मी लावतच नाय आजपासून."

"मग मी तरी कशाला लावतोय?"

एवढं बोलून झाल्यावर दोघांनाही कळेना की भांडण संपलं की काय. सावळीने तेवढ्यात दोन कप चहा आणून आपटले, म्हणून दोघे बसले.

पुढच्या ग्रामसभेत जगदीशने उभं राहून मोटरींवर असं भाषण ठोकलं की ग्रामसेवक टाळी वाजवायची विसरला. 'नळाला मोटर लावणे हा गुन्हा आहे' ही ओळ नव्याने रंगवली गेली आणि तिच्याखाली जगदीशच्या आग्रहाने आणखी एक ओळ आली, 'स्पीड जातो'. ठाकरांच्या बाया आठ वर्षं पाण्यावाचून तंगडतोड करत होत्या, तेव्हा एकाही शहाण्याची मोटर बंद झाली नव्हती. स्पीडचं नाव निघालं आणि एका आठवड्यात दोन्ही घरांच्या मोटरी माळ्यावर गेल्या. आता त्या ओळींना कोणी पाठ टेकली तर जगदीश हटकतो.

पंधरा दिवसांनी बारकी दारात आली. डोक्यावर हंडे नव्हते. हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता, त्यात करवंदं. सकुबाईच्या ओंजळीत तिने तो रिकामा केला आणि उंबऱ्यावर टेकली. दहा वाजून गेले होते. आत हर्षाली कोणाला तरी समजावून सांगत होती, दिवा हिरवा होता.

"सकुबाय, खरा सांग," बारकी म्हणाली. "पंचायतीनं काय एक दुरुस्त केला नाय. मी पाइप बघून आले, हाय तसाच हाय. मंग पानी येतं कुठना?"

सकुबाईने एक करवंद तोंडात टाकलं. खरं सांगायची तिची हिंमत झाली नाही. "स्पीड वाढलाय," ती म्हणाली.

"आमच्यात तं नेट नाय."

"तुमच्यात कशाला हवा? आमच्यात तीनशेचा हाय ना. तेचंच पाणी येतंय तुला."

बारकीला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. वरच्या घरांत काय काय येतं आणि त्यातलं खाली काय सांडतं, याचा तिला जन्माचा अनुभव होता. "मंग तुज्या घरवाल्याला सांग ना गो," ती म्हणाली, "पाचशेचा घे म्हनावा. सांजचा पन येल."

सकुबाईला हसू फुटलं आणि करवंद घशात अडकलं. ठसका थांबल्यावर तिने डोळे पुसत बाहेर पाहिलं. जगदीश आपल्या ओट्यावर आणि अनंता त्याच्या ओट्यावर, मधल्या भिंतीला दोन बाजूंनी कान लावून, कोणाची मोटर वाजतेय का ते ऐकत बसले होते.

"सांगते," सकुबाई म्हणाली. "पाणी म्हटलं तं नाय कळायचं त्याला. पाचशे म्हटलं का लगेच उठेल."